बद्द

दर पाच वर्षांनी मी या पुलाला भेटायला येतो.
प्रेम वगैरे नाही, कायदाच तसा आहे.
बरोबर पाव किलोची हातोडी,
पिवळा खडू,
आणि यंदा तात्सुमी नावाचा नवा पोरगा,
उंचीला घाबरतो, पण दाखवत नाही.

मडकं घेताना वाजवून घेतात ना, तसंच हे काम.
टण् म्हणालं तर पुढे सरकायचं.
बद्द म्हणालं की खडूनं गोल करायचा.
पुलाच्या पोटाखाली शिडीच्या गाडीवर आडवं होऊन
आम्ही काँक्रीट वाजवत जातो, वीतभर, वीतभर.
माझ्या मागच्या खेपेचे पुसट गोल
नव्या गोलांच्या आत सापडतात.

पूल एकोणसाठ वर्षांचा. माझ्याहून दोन वर्षांनी मोठा.
बांधला तेव्हा पलीकडे एकेचाळीस घरं होती,
शाळा, लाकडाची गिरणी,
आणि उद्घाटनाला आलेल्या मंत्र्यानं म्हणे
नदीत मासे सोडले होते, टोपलीभर.
आता पलीकडे तीन चुली.
त्यातली एक हात्सुए निशिगोरी यांची. वय ब्याऐंशी.
दर खेपेला सोललेली तेंदुफळं आणतात आमच्यासाठी.

"कसा आहे आमचा?"
दवाखान्याच्या व्हरांड्यात विचारावं तसं विचारतात.
तीन, मी सांगतो.
एक म्हणजे धडधाकट. चार म्हणजे उद्यापासून बंद.
तीन म्हणजे पाच वर्षांच्या आत दुरुस्त करा.
गेल्या खेपेला तीन होता.
त्याच्या आधीच्या खेपेलाही.
त्या काही बोलत नाहीत. पलीकडच्या शाळेत
गणितच शिकवायच्या.

दुरुस्तीला चार कोटी येन.
तपासणीला दर वेळी सत्तर लाख:
गाडी, भत्ता, अहवालाच्या तीन प्रती,
शिवाय वाहतूक अडवायला एक माणूस.
अडवायला वाहतूक नाही, पण माणूस लागतोच,
लाल झेंडी घेऊन तो दिवसभर डोंगर अडवतो.
सहाव्या तपासणीला हा पूल
आपल्या औषधाहून जास्त पैसे
नाडी बघण्यात खाऊन बसलेला असेल.

आणि त्याच डोंगराच्या पोटात बोगदा चालू आहे,
वेगवान गाडीचा.
त्याचा आकडा पेपरात वाचताना
शून्यांवरून बोट दोनदा घसरलं.
ती गाडी आमच्या खोऱ्याखालून
चाळीस सेकंदांत जाणार.
"बरंय," हात्सुएबाई म्हणतात,
"टाटा करायला घराबाहेर यायला नको."

यंदा तात्सुमी शिडीवरून म्हणाला,
"सर, आवाज किती स्वच्छ येतोय!"
खरंच येत होता.
मी हातोडी थांबवली.
तेव्हा कळलं, काय ऐकू येत नाहीये ते.

खाली नदी नव्हती.
पांढरे धोंडे, वाळून कडक झालेलं शेवाळ,
एका खळग्यात हातभर पाणी आणि त्यात कोणाची तरी चप्पल.
बोगद्यानं डोंगराची शीर कापली होती.
आमचं पाणी आता पलीकडच्या जिल्ह्यात
पंपानं उपसून टाकतात.
त्या पंपांनाही बजेट आहे.

कचेरीत ओमुरोसाहेबांनी नकाशावर पेन्सिल ठेवली.
"नदीच नाही, तर पूल कशाला?
भराव टाकू. बोगद्याची माती पडूनच आहे,
आपल्याला फुकट.
पावसासाठी खाली दोन नळ."
कोणी हसलं नाही.
हिशेब बरोबर होता. पंचाईत तीच होती.

शेवटच्या दिवशी हात्सुएबाईंनी माझी हातोडी मागितली.
काठी टेकत, तात्सुमीच्या खांद्याला धरून
पात्रात उतरल्या,
जिथं आयुष्यात कधी कोरड्या पायांनी उभ्या राहिल्या नव्हत्या.
सगळ्यात मोठा धोंडा निवडला.
वाजवला.
टण्.

"हा चांगला आहे," म्हणाल्या. "याला एक लिहा."

माझ्या तक्त्यात धोंड्यांना रकाना नाही.
तात्सुमीनं माझ्याकडे पाहिलं,
मग खिशातून खडू काढला.
मी गाडीतली शिडी आवळून बांधायला लागलो,
होती आधीच बांधलेली.